रिपीटर, हौशी रेडिओचा : नवागताचा प्रवेश

एका कंप्रतेवर आलेला ध्वनिसंदेश ग्रहण करून तोच, त्याच क्षणी, दुसऱ्या कंप्रतेवर अधिक उंचीवरून आणि बहुधा अधिक शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करणारे स्वयंचलित केंद्र म्हणजे रिपीटर होय. हौशी रेडिओचालकांच्या, म्हणजे ज्यांना सर्वत्र ‘हॅम’ या नावाने ओळखतात त्यांच्या, स्थानिक संभाषणाचा मोठा व्यवहार अशा केंद्रांच्या द्वारे चालतो; आणि ज्याने नुकताच परवाना मिळवून हातात मावणारा छोटा संच, म्हणजे चालकांच्या बोलीतील ‘हँडी’, घेतला आहे, त्याची आपल्या गावच्या जाणत्या मंडळींशी पहिली ओळख बहुधा येथेच होते. या प्रवेशाचे जे शिरस्ते रूढ आहेत ते वरवर पाहता निव्वळ सभ्यतेचे वाटतात. परंतु त्यांपैकी बहुतेकांचे मूळ यंत्राच्या रचनेत आहे, आणि ती रचना ज्याने एकदा नीट समजून घेतली त्याला ते निराळे पाठ करावे लागत नाहीत.

दोन मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातील लहरी (भारतात हौशी चालकांसाठी या पट्ट्याची हद्द १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ अशी मुक्रर आहे) बहुतांशी सरळ रेषेत जातात, आणि पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र असल्यामुळे त्यांची धाव अँटेनाच्या उंचीवर अवलंबून राहते. उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले असता रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. जमिनीपासून दीड मीटरवर धरलेल्या हँडीचे क्षितिज या हिशेबाने जेमतेम ५ किलोमीटर भरते, आणि सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींनी गजबजलेल्या शहरात प्रत्यक्ष पल्ला त्याहूनही पुष्कळ कमी होतो. याउलट पुण्याच्या सपाटीहून सुमारे ७५० मीटर उंच असलेल्या सिंहगडासारख्या माथ्यावर अँटेना उभारली, तर तिचे क्षितिज ११० किलोमीटरांच्या पलीकडे जाते. त्या गडावर दूरदर्शनचा मनोरा उभा आहे तो याच कारणासाठी. सारांश, पाच वॉटांचा संच हातात धरून गल्लीत उभा असलेला माणूस रिपीटरच्या आधाराने डोंगरमाथ्यावरून बोलू लागतो.

मात्र हे घडण्यासाठी केंद्राला ऐकणे आणि बोलणे ही दोन्ही कामे एकाच वेळी, आणि पुष्कळदा एकाच अँटेनावरून, करावी लागतात. दोन मीटर पट्ट्यात या दोन कंप्रतांमधील अंतर सामान्यतः ६०० किलोहर्ट्झ ठेवतात, म्हणजे मूळ कंप्रतेच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एका बाजूस व्होल्टच्या दशलक्षांशाहूनही सूक्ष्म संकेत टिपणारा ग्राहक आणि त्याच्या शेजारीच पंचवीस-पन्नास वॉट ओतणारा प्रक्षेपक, अशी ही बिकट सोबत असते. तिच्यातून ग्राहकाला बधिर होऊ न देण्याचे काम ‘डुप्लेक्सर’ नावाचा, पोकळ धातूच्या उभ्या नळकांड्यांचा संच करतो. तो अचूक जुळवून घेणे, पावसाळ्यात केबलच्या जोडांतून पाणी शिरू न देणे, वीज गेल्यावर बॅटरीची तजवीज राखणे, हा सारा कारभार स्थानिक क्लबातील मोजकी माणसे पदरमोड करून आणि रविवार खर्ची घालून सांभाळीत असतात. नवागताने रिपीटरला सार्वजनिक सोय मानण्यापूर्वी या श्रमांची जाणीव ठेवणे अगत्याचे आहे.

भारतात हौशी चालकांची परंपरा १९२१ साली कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून सुरू झाली असे मानतात. या चालकांना लागणाऱ्या परवान्याचा अंमल केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडे असतो आणि १९७८ साली केलेले नियम त्याचा पाया आहेत. वयाची १२ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीस परीक्षेला बसण्याची मुभा आहे. परीक्षेच्या दोन श्रेणी असून मर्यादित श्रेणीसाठी रेडिओशास्त्र व नियम यांचे ज्ञान पुरेसे होते, तर सर्वसाधारण श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या गतीने मोर्स लिपीही यावी लागते. पहिल्या श्रेणीतील चालकांची संज्ञा सामान्यतः व्हीयू ३ ने आणि दुसरीतील व्हीयू २ ने सुरू होते. ही संज्ञा, म्हणजे ‘कॉलसाइन’, हाती येईपर्यंत संचाची कळ दाबून बोलण्यास कायद्याने मज्जाव आहे. बाजारात संच स्वस्त मिळतो म्हणून परवान्याची बाब पुढे ढकलणाऱ्यांनी स्वतःचे आणि या छंदाचेही नुकसान केले आहे.

परवाना मिळाल्यावर संच जुळविण्याचे काम उरते, आणि नवागत बहुधा अडतो तो येथे. रिपीटरची जी कंप्रता सांगितली जाते ती त्याच्या बोलण्याची, म्हणजे आपल्या ऐकण्याची असते. समजा ती १४५.७०० मेगाहर्ट्झ आहे. तर संचात हा आकडा भरून शिफ्टची, म्हणजे दोन कंप्रतांमधील अंतराची, दिशा उणे व तिचे माप ६०० किलोहर्ट्झ ठेवावे, म्हणजे कळ दाबताच संच आपण होऊन १४५.१०० वर उतरतो आणि कळ सोडताच परत वर येतो. तिसरी बाब टोनची. अनेक रिपीटर नुसत्या लहरीला दाद देत नाहीत. आवाजाच्या बुडाशी, ६७ ते २५४ हर्ट्झच्या दरम्यानचा एक ठरलेला मंद स्वर, उदाहरणार्थ ८८.५ हर्ट्झचा, अखंड वाहत असेल तरच त्यांचे दार उघडते. ऐकणाऱ्याच्या संचातील गाळणी हा स्वर बव्हंशी वगळते, त्यामुळे तो कानी पडत नाही. भलत्या लहरींनी आणि विद्युत खरखरीने केंद्र विनाकारण चालू होऊ नये यासाठी ही व्यवस्था आहे. आरंभी टोन फक्त प्रक्षेपणाला लावावा; ग्रहणालाही लावला आणि रिपीटर तो परत पाठवीत नसेल, तर संच मुका बसतो आणि नवागत समजतो की आज कोणी हवेवर नाही.

आकडे भरून झाल्यावर लगेच बोलू नये. काही दिवस ऐकावे. कोण कोणत्या वेळी येतो, सायंकाळचे किंवा रविवारचे ‘नेट’, म्हणजे ठरल्या वेळचे सामूहिक संभाषण, कोण चालवितो, संभाषणात विराम किती असतो, हे ऐकूनच कळते. मग हवा मोकळी असल्याची खात्री करून, अँटेना उभी धरून (कारण केंद्राची अँटेनाही उभी असते) कळ दाबावी, सुमारे एक सेकंद थांबावे आणि मगच आपली संज्ञा सावकाश उच्चारून आपण ऐकत आहोत एवढेच सांगावे. तो एक सेकंद महत्त्वाचा आहे. टोन ओळखून प्रक्षेपक चालू होण्यास केंद्राला तेवढा अवधी लागतो, आणि घाई करणाऱ्याच्या संज्ञेचे पहिले अक्षर त्यात हरवते. कळ सोडल्यावर क्षणभर रेंगाळणारी केंद्राची लहर, आणि कोठे कोठे तिच्यामागून येणारा छोटा बीप, ऐकू आला म्हणजे आपण पोहोचलो. संज्ञा न सांगता केवळ हा बीप ऐकण्यासाठी कळ दाबून सोडण्याची सवय नियमबाह्य आहे. तिच्यामुळे ऐकत बसलेले सारे लोक कारण नसताना सावध होतात.

येथे एका गैरसमजाचा निर्देश केला पाहिजे. संचावरील एस-मीटरचा, म्हणजे येणाऱ्या लहरीचा जोर दाखविणाऱ्या मापकाचा, काटा पूर्ण चढला म्हणजे आपली लहरही तितक्याच जोमाने पोहोचते असे नवागतास वाटते. वस्तुतः तो काटा रिपीटरची शक्ती दाखवितो, आपली नव्हे. आपली लहर केंद्रापर्यंत कशी जाते हे दुसऱ्यालाच विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर खरखरीवरून ठरते: आवाजामागे खरखर नसेल तर लहर भरपूर आहे, असेल तर ती अपुरी. अशा वेळी शक्ती वाढविण्यापेक्षा जागा बदलणे अधिक फलदायी ठरते. भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींना छेदीत असल्याने हातभर सरकण्यानेही तुटणारा आवाज सावरतो. गॅलरीत किंवा गच्चीवर गेल्यास फरक आणखी ठळक होतो, आणि संचाच्या आखूड रबरी अँटेनाऐवजी सुमारे अर्ध्या मीटरची पाव-तरंग अँटेना लावल्यास तर पाच वॉटही पुरेसे होतात.

संभाषणात प्रत्येकाने बोलणे संपवून क्षणभर थांबावे हा संकेतही यंत्रानेच घालून दिला आहे. कोणाची कळ चुकून दाबलेली राहिली तर केंद्र जळू नये म्हणून त्यात एक कालमापक असतो. तो पुष्कळ ठिकाणी तीन मिनिटांनंतर प्रक्षेपण तोडतो आणि लहर मध्येच थांबल्यावाचून पुन्हा शून्यावर येत नाही. दोघे एकदम बोलले तर कंप्रता-विरूपणाच्या (एफएम) गुणधर्माने प्रबळ लहर दुर्बल लहरीला गिळते, आणि ज्याचा आवाज गिळला गेला त्याला त्याची वार्ताही नसते. विरामामुळे हे टळते; शिवाय एखाद्यास अपघाताची किंवा पुराची वर्दी द्यावयाची असेल तर त्याला वाट मिळते. अशी वर्दी आली की इतर सर्व बोलणे तत्काळ बंद करावयाचे असते. संगीत, जाहिरात आणि धंद्याचे व्यवहार यांना येथे मुळातच जागा नाही. समोरचा चालक आपल्या पेठेतलाच असेल, तर दोघांनी थेट कंप्रतेवर उतरून केंद्र इतरांसाठी मोकळे करणे उचित होय.

रिपीटरचे हे तत्त्व डोंगरापुरते मर्यादित राहिलेले नाही. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०२० पासून असाच एक रिपीटर बसविलेला आहे. तो कार्यरत असेल तेव्हा १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झच्या टोनसह बोलावे लागते आणि ४३७.८०० मेगाहर्ट्झवर ऐकावे लागते. स्थानक सुमारे दहा मिनिटांत क्षितिजापार जाते आणि अफाट प्रदेशातील चालक त्याच वेळी प्रयत्न करीत असतात, म्हणून तेथील संभाषण संज्ञा आणि ठिकाण यांपुरतेच ठेवतात. बोलण्याची कंप्रता बदलण्याची सहसा गरज पडत नाही. ऐकण्याची मात्र डॉप्लर परिणामामुळे स्थानक क्षितिजावर उगवते तेव्हा सुमारे १० किलोहर्ट्झ वर धरावी, आणि ते माथ्याकडे येऊन पुढे मावळेपर्यंत टप्प्याटप्प्याने मूळ कंप्रतेच्या तेवढीच खाली आणावी.