सह्याद्रीच्या वाटा आणि बायकांची पावले

सह्याद्री म्हटला की आपल्यापुढे किल्ले, मावळे आणि लढाया उभ्या राहतात. ते योग्यच आहे. परंतु या डोंगरात इतिहास केवळ गडांवर घडला नाही, तो वाटांवरही घडला. आणि त्या वाटांवर बायकांची पावले पुष्कळ आहेत. आपल्या स्मरणिकेत त्यांची आठवण करावी म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम डोंगराची घडण पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा वारंवार बाहेर आला आणि त्याचे थरावर थर बसले. तोच आपला काळा कातळ. लांबून डोंगराच्या अंगावर आडव्या पट्ट्या दिसतात, त्या याच थरांच्या. देशाकडे हा डोंगर हळूहळू उतरत जातो. कोकणाकडे मात्र एकदम तुटतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे निराळे सांगायला नको. अशा भिंतीतून वर यायचे तर पाण्याने कोरलेली नाळ किंवा एखादी खिंड शोधावी लागते. त्याच जागी घाटवाटा झाल्या.

त्यांपैकी फार जुनी म्हणजे नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळी याच वाटेने जुन्नरकडे जाई. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे लोक सांगतात. जवळच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला मोठा प्राकृत लेख आहे. तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्याशी तो जोडला जातो. केलेले यज्ञ आणि दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांची त्यात आकड्यांसह मोजदाद आहे. लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. मूर्ती गेल्या, पण वरचे तिचे नाव राहिले. दोन हजार वर्षांपूर्वी हमरस्त्याच्या माथ्यावर एका बाईचे नाव कोरले गेले, हे मला फार मोलाचे वाटते.

हिरकणीची कथा आपण सर्वजणी जाणतो. कळसूची मात्र थोड्याच जणींना ठाऊक असते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचे कळसूबाई, हे तिच्या नावाचे. लोककथा अशी की, कळसू ही कोळ्याची पोर, रानात हिंडण्याची आवड असलेली. ती एका घरी कामाला राहिली, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, ही अट घालून. पुढे एके दिवशी तिला तेच काम लावले. तिने ते केले आणि सरळ डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. आज माथ्यावर तिचे छोटे देऊळ आहे आणि नवरात्रात तेथे यात्रा भरते. कथा खरी की कल्पित, हा प्रश्न नाही. शब्द मोडल्यावर घर सोडून गेलेल्या मुलीला लोकांनी नावे ठेवली नाहीत. तिला देवी मानले, हे ध्यानात घ्यावे.

तिसरी बाई परक्या देशाची. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले. पहिल्या कंत्राटदाराने ते सोडल्यावर १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल आले, पण थोड्याच काळात वारले. तेव्हा त्यांची पत्नी अॅलिस हिने कंत्राट आपल्याकडे घेतले, अनुभवी इंजिनियरांच्या हाती काम सोपवले आणि ते तडीस नेले. १८६३ साली मार्ग खुला झाला. तिचे नाव निदान कागदावर आहे. मातीच्या पाट्या वाहणाऱ्या आणि पटकीच्या साथीत मेलेल्या मजूर स्त्री-पुरुषांची नावे कोठेच नाहीत. लोणावळ्याला जाताना बोगद्याचा अंधार आला की मला त्यांची आठवण येते.

आता या डोंगरात हौसेने हिंडणारे वाढले आहेत. २०१२ साली पश्चिम घाटाला आणि २०२५ साली रायगड, राजगड, साल्हेर आदी बारा मराठा दुर्गांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. गर्दी वाढली, तसा कचराही वाढला. आणि तरीही कित्येक घरांत मुलगा गडावर निघाला तर कौतुक, मुलगी निघाली तर 'कशाला?' असा प्रश्न होतो. मोळी घेऊन रोज घाट चढणाऱ्या ठाकर-कोळी भगिनींना हा प्रश्न कोणी विचारला नाही! डोंगर बायकांना नवा नाही. नवी आहे ती आपली भीती.

म्हणून माझी सूचना अशी की, मंडळाची एक सहल हिवाळ्यात नाणेघाटास न्यावी. जिला झेपेल तिने कोकणातील वैशाखऱ्याकडून चढावे. जिचे गुडघे कुरकुरतात तिने जुन्नरकडून गाडीने माथा गाठावा. पावसाळ्यात कातळ शेवाळतो आणि दरडी कोसळतात, तेव्हा तो काळ टाळावा. वाटाड्या गावातलाच घ्यावा व त्याला योग्य मेहनताना द्यावा. नेलेला कागददेखील परत आणावा. आणि मुलींना बरोबर न्यावे. लेण्यातील त्या नावाखाली त्या घटकाभर बसल्या, तर पुढच्या डोंगराला निघताना त्या आपली परवानगी मागतील, पण आपल्या भीतीची वाट पाहणार नाहीत.