वणी जिल्हा (वऱ्हाड)

वणी जिल्हा : वऱ्हाडातील ब्रिटिश अमदानीतला एक माजी जिल्हा. इंग्रजी दप्तरात ‘वून’. पुसद-उमरखेडचा भाग वगळला तर आजचा यवतमाळ जिल्हा म्हणजे स्थूलमानाने हाच. पूर्वेस वर्धा नदी, दक्षिणेस पैनगंगा आणि तिच्यापलीकडे निजामाचा मुलूख. या दोन नद्यांचा संगम वणी तालुक्यातील जुगादजवळ होतो. क्षेत्र सु. ३,९०० चौ. मैल, लोकसंख्या सु. ४ लाख ६७ हजार (१९०१). यवतमाळ, दारव्हा, केळापूर व वणी हे चार तालुके. नाव वणीचे, कचेरी मात्र यवतमाळला, अशी याची रचना होती.

मोगल काळात हा प्रदेश मुख्यतः कळंब व माहूर या सरकारांत मोडे. हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्यांनी प्रथम दोनच जिल्हे पाडले. दक्षिण वऱ्हाडचे ठाणे हिंगोली, उत्तर वऱ्हाडचे बुलढाणा. हिंगोली लवकरच निजामाला परत गेली आणि पूर्व (अमरावती) व पश्चिम (अकोला) अशी नवी वाटणी झाली. अमरावतीतून हा मुलूख १८६४ मध्ये वेगळा निघाला. त्याचे पहिले नाव ‘आग्नेय वऱ्हाड’. हे नुसते दिशादर्शक नाव टिकण्यासारखे नव्हतेच. पुढे ‘वणी’ रूढ झाले.

यवतमाळला नगरपालिका आली १८९४ मध्ये. कापसाच्या व्यापारावर हे गाव वाढत गेले. निर्गुडेकाठचे वणी जुने, रंगनाथस्वामींच्या देवस्थानाचे आणि जत्रेतल्या बैलबाजाराचे गाव. पण ते जिल्ह्याच्या पूर्व टोकाला पडे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडला, त्यातला पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याचे नाव बदलून ‘यवतमाळ’ झाले. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म वणीचा (१८८०), वकिली यवतमाळची आणि १९३० चा जंगल सत्याग्रह पुसदचा. जुन्या-नव्या जिल्ह्याचा सांधा एका चरित्रात असा जुळलेला दिसतो.

नाव एकीकडे, कचेरी दुसरीकडे हा प्रकार तालुक्याच्या पातळीवर अजून चालू आहे : पांढरकवड्यात तहसील कार्यालयाच्या पाटीवर गावाचे नव्हे, ‘केळापूर’ हे नाव असते. वणीचा जुना तालुका मात्र आक्रसला. मारेगाव व झरी-जामणी हे स्वतंत्र तालुके झाले. यवतमाळ जिल्ह्यात आता १६ तालुके आहेत.

येथील कोळशाची माहिती एकोणिसाव्या शतकातच झाली होती. आज मुंगोली, नीलजई यांसारख्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींमुळे वणीचा व्यवहार यवतमाळपेक्षा वर्धेपलीकडील चंद्रपूरशी अधिक जुळतो. वणीची रेल्वेही चंद्रपूर जिल्ह्यातील माजरीहून येते. लोकसभेच्या नकाशातही जिल्हा असाच विभागलेला दिसतो. वणी विधानसभा क्षेत्र चंद्रपूरला जोडलेले आहे आणि उमरखेड हिंगोलीला. पुसद मात्र १९९८ मध्ये पुन्हा जिल्हा झालेल्या वाशीमबरोबर, यवतमाळ-वाशीम मतदारसंघात आहे.