फॉर्म्युला वन २०२६ : नवे नियम, नवे संघ आणि गोव्यापुढील रस्त्यांचा प्रश्न

येत्या ८ मार्च रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे फॉर्म्युला वनच्या नव्या हंगामातील पहिली शर्यत सुरू होईल, तेव्हा मोरजीत सकाळचे साडेनऊ वाजलेले असतील. मोरजी-मांद्रेच्या किनारपट्टीवर पर्यटन हंगामाचे हे शेवटचे आठवडे असतात, आणि तेंबवाड्यावरील ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांतून पिल्ले बाहेर पडण्याचा काळही हाच. फॉर्म्युला शर्यती आणि पेडण्याचा किनारा यांचा परस्परांशी वरवर काही संबंध दिसत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत या शर्यतींची भारतीय रूपे बंदिस्त धावमार्ग सोडून शहरांच्या रस्त्यांवर उतरली आहेत, आणि गोव्याचे नावही त्यात आले आहे. त्यामुळे यंदाच्या हंगामाकडे पाहताना जगातील घडामोडींबरोबर आपल्या दारातल्या प्रश्नाचीही ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

मागील हंगामाचा निकाल

२०२५ चा हंगाम अखेरच्या शर्यतीपर्यंत रंगला. मॅकलारेनच्या लँडो नॉरिसने ४२३ गुणांसह आपले पहिले विश्वविजेतेपद मिळविले. सलग चार वेळा विजेता ठरलेला रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टापेन ४२१ गुणांवर थांबला, तर नॉरिसचा संघसहकारी ऑस्कर पियास्त्री ४१० गुणांसह तिसरा आला. संघांचे विजेतेपदही मॅकलारेनकडेच राहिले. एवढ्या अटीतटीच्या हंगामानंतर पुढच्या वर्षीही हेच चित्र राहील, असे मात्र कोणी ठामपणे म्हणू शकत नाही. कारण २०२६ मध्ये गाडीचा सांगाडा आणि इंजिन या दोहोंचे नियम एकाच वेळी बदलत आहेत.

गाडीत काय बदलणार

इंजिन १.६ लिटरचे, सहा सिलिंडरचे आणि टर्बो जोडलेलेच राहील. बदलणार आहे ते शक्तीचे वाटप. आजवर विजेवर चालणाऱ्या मोटरचा वाटा १२० किलोवॉटपर्यंत होता, तो आता ३५० किलोवॉटपर्यंत जाईल. तेलावर चालणाऱ्या भागाची शक्ती त्या प्रमाणात घटेल आणि दोन्ही स्रोतांचे योगदान जवळजवळ समसमान होईल. उत्सर्जित वायूच्या उष्णतेपासून वीज मिळविणारा गुंतागुंतीचा आणि महागडा भाग काढून टाकण्यात आला आहे. इंधनही खनिज तेलाऐवजी शाश्वत स्रोतांपासून तयार केलेले असेल.

याचा परिणाम चालकाच्या कामावर होईल. बॅटरीतील वीज संपली, तर लांब सरळ रस्त्यावर गाडीचा वेग घटणार. म्हणून कोणत्या वळणावर वीज साठवायची, कोठे खर्चायची, याचा हिशेब प्रत्येक फेरीत ठेवावा लागेल. केवळ निर्भयपणे गाडी हाकणाऱ्यापेक्षा डोके शांत ठेवून वेग राखणाऱ्याला यात अधिक वाव आहे.

गाडी लहान आणि हलकीही होत आहे. किमान वजन ८०० किलोवरून ७६८ किलोवर आले आहे, रुंदी दोन मीटरवरून १.९ मीटर झाली आहे, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधील कमाल अंतर ३.६ मीटरऐवजी ३.४ मीटर राहील. पुढील गाडीला मागे टाकण्यासाठी मागचे पंख उघडण्याची २०११ पासूनची सोय आता रद्द झाली आहे. त्याऐवजी पुढचे आणि मागचे दोन्ही पंख सरळ रस्त्यावर सपाट होतील व वळणावर पुन्हा उभे राहतील, आणि ही मुभा सर्वच गाड्यांना असेल. पुढील गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलेल्या चालकाला मात्र जादा विजेचा आधार मिळेल.

नियम बदलले की श्रेष्ठत्वाची उतरंड बदलते, असा या क्रीडाप्रकाराचा इतिहास आहे. २०१४ मध्ये संकरित इंजिने आली आणि मर्सिडीजने सलग आठ वर्षे संघांचे विजेतेपद राखले. २०२२ च्या बदलांनंतर रेड बुलने आघाडी घेतली व २०२३ मधील २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. म्हणूनच मार्चमधील पहिल्या दोन-तीन शर्यती केवळ गुणांसाठी नसतील. नवे नियम कोणत्या संघाला अधिक चांगले उमगले, हे त्यातून उघड होईल.

संघ आणि चालक

यंदा संघांची संख्या दहावरून अकरा होईल व २२ गाड्या धावतील. अमेरिकेचा कॅडिलॅक हा नवा संघ अनुभवी सर्जिओ पेरेझ आणि वाल्टेरी बोटास यांना घेऊन उतरत आहे. साउबरची जागा जर्मनीच्या ऑडीने घेतली आहे. होंडाची इंजिने आता ॲस्टन मार्टिनच्या गाड्यांत असतील, रेड बुलने फोर्डच्या सहकार्याने स्वतःचे इंजिन बनविले आहे, तर रेनोने इंजिननिर्मितीतून माघार घेतल्याने अल्पाइन संघ मर्सिडीजचे इंजिन वापरेल.

रेड बुलमध्ये व्हर्स्टापेनच्या जोडीला इसाक हजार येत आहे. रेसिंग बुल्सकडून पदार्पण करणारा अठरा वर्षांचा ब्रिटिश चालक आर्विड लिंडब्लाड भारतीय वाचकांचे लक्ष वेधून घेईल. त्याची आई भारतीय वंशाची आहे. फेरारीत लुइस हॅमिल्टनचे हे दुसरे वर्ष आहे. पहिले वर्ष निराशेचे गेल्यामुळे नव्या गाडीकडून त्याच्या अपेक्षा मोठ्या असणार.

भारतीय वेळेनुसार निवडक शर्यती

घोषित वेळापत्रकात २४ शर्यती आहेत. इटलीतील इमोला यंदा वगळले असून स्पेनमधील माद्रिद येथील नवा मार्ग प्रथमच समाविष्ट झाला आहे.

ऑस्ट्रेलिया : ८ मार्च, सकाळी ९.३०
चीन : १५ मार्च, दुपारी १२.३०
जपान : २९ मार्च, सकाळी १०.३०
मोनॅको : ७ जून, सायंकाळी ६.३०
ब्रिटन : ५ जुलै, सायंकाळी ७.३०
माद्रिद : १३ सप्टेंबर, सायंकाळी ६.३०
सिंगापूर : ११ ऑक्टोबर, सायंकाळी ५.३०
अबू धाबी : ६ डिसेंबर, सायंकाळी ६.३०

मायामी, कॅनडा, ऑस्टिन आणि मेक्सिको येथील शर्यती भारतात मध्यरात्रीनंतर दिसतील. लास व्हेगासची शर्यत तेथे शनिवारी रात्री होत असल्याने आपल्याकडे ती २२ नोव्हेंबर रोजी, रविवारी सकाळी पाहता येईल.

भारतीय चालक कोठे आहेत

फॉर्म्युला वनमध्ये आजवर दोनच भारतीय चालकांनी शर्यती केल्या आहेत : २००५ मध्ये पदार्पण केलेला नारायण कार्तिकेयन आणि २०१० मध्ये आलेला करुण चांडोक. दोघेही तमिळनाडूचे. २०१२ नंतर एकाही भारतीयाला ही संधी मिळालेली नाही. बंगळुरूच्या कुश मैनीने मे २०२५ मध्ये मोनॅको येथे फॉर्म्युला टूची स्प्रिंट शर्यत जिंकून आशा जागविली. मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला टूमध्ये चार शर्यती जिंकल्या आणि पुढे फॉर्म्युला ईमध्येही तो उतरला. मात्र सर्वोच्च पायरी त्यालाही गाठता आली नाही. गोव्याच्या शेजारच्या कोल्हापूरनेही या क्रीडाप्रकाराची आवड जोपासली आहे. तेथील कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेत धावला होता.

ही वाट अवघड का, हे समजण्यासाठी परवान्याचा नियम पाहावा लागतो. फॉर्म्युला वनचा परवाना मिळविण्यासाठी चालकाला तीन हंगामांत ४० गुण जमवावे लागतात. फॉर्म्युला टूच्या विजेत्याला ते एका वर्षात मिळतात. फॉर्म्युला फोरच्या विजेत्याला फार तर १२. त्यामुळे लहानपणी कार्टिंग, मग फॉर्म्युला फोर, थ्री आणि टू अशी शिडी चढावी लागते. तिच्या वरच्या पायऱ्या युरोपात असल्याने खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जातो.

भारतात या शिडीची खालची पायरी तयार व्हावी, या हेतूने २०२३ पासून फॉर्म्युला फोर इंडियन चॅम्पियनशिप भरविली जाते. तिच्या जोडीला इंडियन रेसिंग लीग ही शहरांच्या नावांनी खेळणाऱ्या संघांची स्पर्धा आहे. अभिनेता जॉन अब्राहम यांच्या मालकीच्या गोवा एसेस संघाने २०२४ मध्ये तिचे विजेतेपद पटकाविले. संघाच्या नावात गोवा असले, तरी गोव्यात कायमस्वरूपी धावमार्ग नाही. गोव्यातील शर्यतीची चर्चा सार्वजनिक रस्त्यावर येऊन ठेपते, ती यामुळेच.

रस्त्यावरील शर्यतीचे अनुभव

उत्तर प्रदेशातील ग्रेटर नोएडा येथे ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग उभारला गेला. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत तेथे फॉर्म्युला वन झाली व तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. त्यानंतर करांच्या वादात ही शर्यत भारतातून गेली. शर्यतीला खेळ मानायचे की करमणूक, येथपासून मतभेद होते.

हैदराबादने फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ईची शर्यत भरविली. राज्यात सत्तांतर झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये पुढील शर्यत रद्द झाली. चेन्नईत डिसेंबर २०२३ मध्ये ठरलेली शर्यत चक्रीवादळामुळे लांबली, सार्वजनिक खर्च आणि नागरिकांची गैरसोय यांवरून प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर ३१ ऑगस्ट व १ सप्टेंबर २०२४ रोजी सुमारे साडेतीन किलोमीटरच्या मार्गावर प्रकाशझोतात शर्यत पार पडली.

गोव्यात २०२५ मध्ये मुरगाव तालुक्यातील बोगदा परिसरातून अशी शर्यत नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा स्थानिकांनी त्यास विरोध केला. अशा विरोधाला केवळ खेळाचा द्वेष म्हणून बाजूला सारता येत नाही. रस्त्यावरील शर्यत दोन-तीन दिवसांची असली, तरी पुनर्डांबरीकरण, काँक्रीटचे अडथळे, कुंपण, प्रेक्षागृहे आणि दिवे यांची उभारणी कितीतरी आधी सुरू होते. तेवढा काळ शाळेची बस, रुग्णवाहिका, मासळीची गाडी आणि घरी परतणारा माणूस यांनी कोणत्या वाटेने जायचे, याचे उत्तर आधी मिळावे लागते.

पेडण्यापुढील विचार

मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाल्यापासून पेडणे तालुक्यातील रस्ते रुंदावले आहेत. उद्या अशी शर्यत या परिसरात आणण्याचा विचार झाला, तर पठारावरील रुंद रस्ते आणि विरळ वस्ती या दोन गोष्टी आयोजकांच्या पथ्यावर पडतील. हॉटेले, टॅक्सी आणि भोजनालये यांना व्यवसाय मिळेल, हेही खरे. पण या शर्यतींना अनुकूल असलेला हिवाळा हाच पर्यटनाचा ऐन हंगाम आहे. त्या दिवसांत खोल्या तशाही भरलेल्या असतात. नवा पाहुणा आला की जुनाच विस्थापित झाला, याचा हिशेब मांडल्याशिवाय लाभाचे आकडे पूर्ण होत नाहीत.

किनाऱ्याची बाजू तर वेगळीच आहे. २०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांची घरटी होणारे म्हणून नमूद आहेत. नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होणारा अंडी घालण्याचा काळ व त्यानंतर सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडण्याचा काळ उन्हाळ्यापर्यंत चालतो. पिल्ले समुद्राची दिशा उजेडावरून ओळखतात. किनाऱ्यामागे प्रखर दिवे असतील, तर ती उलट दिशेने चालू लागतात. शर्यत पठारावर झाली, तरी तिच्या निमित्ताने किनाऱ्यावर रात्री होणारे जलसे, ध्वनिक्षेपक आणि रोषणाई यांचा भार मोरजीवर पडू शकतो. तेव्हा परवानगीचा विचार धावमार्गापुरता मर्यादित ठेवून चालणार नाही.

निर्णय कोणताही होवो, तो घेताना काही बाबी लेखी आणि जाहीर असाव्यात : खर्च कोण करणार, रस्ते किती दिवस बंद राहतील, आपत्कालीन वाट कोणती, शर्यतीनंतर रस्ता पूर्ववत कोण करणार आणि ग्रामसभेचे मत केव्हा घेतले जाणार. हैदराबाद व चेन्नई येथे वाद झाले ते याच प्रश्नांवरून. नव्या हंगामातील गाड्यांना वीज कोठे साठवायची आणि कोठे खर्चायची याचा हिशेब आधीच करावा लागणार आहे. गोव्यासारख्या लहान राज्याला आपल्या रस्त्यांबाबत आणि किनाऱ्यांबाबत तेवढा तरी हिशेब आधी करता यायला हवा.