ब्लॅग : दरोड्यापासून थापेपर्यंत

लंडनच्या पबात कुणी सांगतो, 'काल त्या मैफलीला मी ब्लॅग करून घुसलो', तेव्हा ऐकणाऱ्याला एवढंच कळतं, की गड्याकडे तिकीट नव्हतं, पण तोंड होतं. दारावरच्या माणसाला त्याने आपण बॅंडवाल्यांपैकीच आहोत असं पटवलं असणार. मंडळी हसतात, थोडं कौतुकही करतात. साठ वर्षांपूर्वी हाच शब्द पोलिसाच्या तोंडून आला असता तर त्याचा अर्थ सरळ दरोडा असा होता. बुरखे, लोखंडी कांबी, जमलंच तर बंदूक, आणि कोपऱ्यावर इंजिन चालू ठेवलेली गाडी.

दोन्ही अर्थांचं मूळ एकच असेल याची खात्री कोशकारही देत नाहीत. थापेच्या बाजूचा माग मात्र फ्रान्सकडे जातो. फ्रेंचमध्ये 'ब्लाग' म्हणजे आधी तंबाखूची पिशवी; त्यामागे फुगणारी कातडी पिशवी असा डच शब्द सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये त्याला फुगवून सांगितलेली गोष्ट, थाप, थट्टा असा अर्थ चिकटला. (आपल्याकडेही लोक पुड्याच सोडतात.) आजही तिथे तंबाखूची पिशवी आणि विनोद या दोन्हींना हाच शब्द चालतो.

हा फ्रेंच शब्द इंग्रजीत वापरणाऱ्यांत थॉमस कार्लाइलसारखा भारदस्त इतिहासकार आहे, आणि तोही स्वतः थापेला बळी पडल्यावर. १ जून १७९४ रोजी अटलांटिकमध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली. 'व्हेंजर' ही फ्रेंच युद्धनौका बुडाली. शरण न जाता, प्रजासत्ताकाचा जयजयकार करत खलाशी जहाजासकट तळाला गेले, असं बारेर या पुढाऱ्याने पॅरिसच्या सभेत रंगवून सांगितलं. कार्लाइलने १८३७ च्या आपल्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासात हा प्रसंग तितकाच रंगवला. मग त्या लढाईत हजर असलेला एक वृद्ध ब्रिटिश नौदल अधिकारी पुढे आला: जहाज आधीच शरण आलं होतं, बऱ्याच खलाशांना ब्रिटिश होड्यांनी वाचवलं, आणि कप्तान रेनोदॅं तर ब्रिटिश जहाजावर सुखरूप होता. कार्लाइलने चौकशी केली, १८३९ मध्ये त्यावर लेख लिहिला, पुस्तकातला मजकूर फिरवला आणि बारेरच्या पराक्रमाला 'ब्लाग' म्हटलं. नुसतं खोटं म्हणून त्याचं समाधान झालं नसावं. एवढ्या ऐटीत मारलेल्या थापेला वेगळं नाव हवंच होतं.

दरोड्याचा अर्थ लंडनच्या गुन्हेगारी बोलीतला. तो विसाव्या शतकाच्या मध्यात फोफावला, त्यामागे पगाराची पद्धत होती. अंगमेहनतीच्या कामगाराला मजुरी रोखच द्यायची, असा ब्रिटनमध्ये १८३१ पासून कायदा होता. मालक सामानाच्या चिठ्ठ्या देऊन लुबाडत, म्हणून केलेला. परिणाम असा, की दर आठवड्याला बँकेतून कारखान्याकडे नोटांच्या थैल्या निघत, आणि वाटेत कुणी ना कुणी टपलेलं असे. ८ ऑगस्ट १९६३ च्या रेल्वे दरोड्यात तर बँकांचे सुमारे २६ लाख पौंड गेले. १९७५ ते ७८ मध्ये 'द स्वीनी' या दूरचित्रवाणी मालिकेने लंडनच्या दरोडाविरोधी पथकाची भाषा घरोघर नेली आणि 'ब्लॅगर' म्हणजे दरोडेखोर हे सगळ्या देशाला पाठ झालं. १९८६ मध्ये रोख मजुरीचा तो जुना कायदा रद्द झाला. पगार खात्यात जाऊ लागले. ब्लॅगरची शिकारच घटली, पण शब्द बेकार झाला नाही.

तो बोलण्यावर पोट भरणाऱ्यांकडे गेला. फुकट जेवण, परीक्षेतलं न वाचलेलं पुस्तक, मुलाखतीतला नसलेला अनुभव, सगळं ब्लॅग होऊ लागलं. यातला एक धंदा मात्र गमतीचा नव्हता. टेलिफोन कंपनीला फोन करायचा, 'मी दुसऱ्या ऑफिसातून बोलतोय' म्हणायचं आणि कुणाचातरी गुप्त नंबर काढून घ्यायचा. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २००६ च्या अहवालात या धंद्याला 'ब्लॅगिंग' हेच नाव वापरलं. २००३ मध्ये एका खासगी गुप्तहेराच्या घरी सापडलेल्या कागदांत ३०५ पत्रकारांची गिऱ्हाईक म्हणून नोंद होती. भावही ठरलेले: गुप्त नंबर ६५ ते ७५ पौंड, एखाद्याची गुन्हेगारी नोंद ५०० पौंड. एवढं उघड होऊनही २००५ मध्ये कोर्टातून कुणी तुरुंगात गेलं नाही.

जुन्या ब्लॅगरला, म्हणजे दरोडेखोराला, इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. फोनवरून कुणाचा पत्ता, नंबर, आजारपण उचलणाऱ्या नव्या ब्लॅगरला २०१८ च्या माहिती संरक्षण कायद्यातही फक्त दंड ठेवला आहे.