शिंदीचें झाड आणि पिणाऱ्याचें स्वातंत्र्य

मराठवाड्यांत कंत्राटाला गुत्ता म्हणतात आणि कंत्राटदाराला गुत्तेदार. इतरत्र मात्र हा शब्द दारूच्या दुकानाला असा चिकटला कीं, गुत्ता म्हटल्यावर दुसरें कांहीं सुचतच नाहीं. निजामी अबकारीचा बराचसा इतिहास या एका शब्दांत आहे.

हिंगोली तेव्हां परभणी जिल्ह्यांतील एक तालुका होता. शिंदीचा रस काढावयाचा तर सरकारला कर द्यावा लागे, आणि विक्रीचा हक्क लिलावांत जाई. पहाटे उतरविलेला तो गोड रस ऊन चढतां चढतां आंबतो व मादक होतो. पिणाऱ्याला मोकळीक होती खरी. पण ती त्याच्या स्वातंत्र्याविषयींच्या आदरानें दिलेली नव्हती, तिजोरीसाठीं होती. म्हणूनच १९४७ सालीं स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेसनें लढा पुकारला, तेव्हां जंगल सत्याग्रहाबरोबर शिंदीचीं झाडें तोडण्याचा कार्यक्रमही मराठवाड्यांत झाला. कुऱ्हाड झाडावर पडे; घाव अबकारीच्या उत्पन्नावर होता. झाडावर पोट भरणाऱ्या कलालाचा किंवा पिणाऱ्या मजुराचा विचार दोन्ही पक्षांच्या हिशेबांत गौणच राहिला.

जॉन स्टुअर्ट मिल यानें १८५९ सालच्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत दारूबंदीला विरोध केला. ज्यांत केवळ स्वतःचेंच नुकसान आहे, त्यापासून मनुष्याला बळानें परावृत्त करूं नये, हें त्याचें सूत्र. मात्र राज्याला पैसा हवाच असेल तर तो मादक पेयांवरील करांतून घ्यावा, हेंही त्याला मान्य होतें. निजामाच्या दिवाणांना हें वाचून मोठा संतोष वाटला असता! पण मजुरी गुत्त्यांत गेली तर उपाशी राहतात तीं घरचीं मुलें. हा आक्षेप मिलनें ओळखला होता. कुटुंबाची हेळसांड करणाऱ्याला त्या कर्तव्यच्युतीबद्दल शासन करावें, पिण्याबद्दल नव्हे, असें त्याचें उत्तर. तें तर्काला धरून आहे; परंतु त्या मुलांच्या आईनें दाद कोणाकडे मागावी, हें त्यांतून कळत नाहीं.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली. इकडे मुंबई राज्यांत १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांतील कांहीं कलमें रद्द केलीं, मद्यार्कयुक्त औषधांवरील बंदी त्यांपैकींच. मुख्य बंदी मात्र उचलून धरली. १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९५९ त हा कायदा तेथेंही लागू झाला. पुढें बंदी सैल होत गेली, १९७३ सालीं देशी दारूच्या विक्रीचे नियम झाले, आणि तिजोरीला जुनी वाट पुन्हा सांपडली.

१९९९ सालीं हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. आतां राज्याच्या नियमांप्रमाणें गांवांतील स्त्रियांना मतदानानें परवान्याचें दुकान बंद करतां येतें. मतपत्रिकेवर बाटली असते, एक उभी व एक आडवी. दुकान बंद व्हावयास यादींतील एकूण स्त्री-मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीला पडावीं लागतात. त्या दिवशीं जी स्त्री मजुरी बुडेल म्हणून केंद्रावर येत नाहीं, तिची गणना उभ्या बाटलीकडे होते.