मतिमंद प्रौढांचा सांभाळ



वसतिगृहाची महती कोल्हापूरकरांना दुसऱ्या कोणी सांगावी असे नाही. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यापाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम बोर्डिंगे निघाली आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. दसरा चौकातून जाताना त्यांतल्या काही वास्तू आजही दिसतात. खेड्यातला मुलगा वळकटी घेऊन येई, चार-सहा वर्षे राही आणि शिकून बाहेर पडे. बाहेर पडणे हाच त्या निवासाचा हेतू होता. काही वावगे घडलेच, तर सुटीत गावी जाऊन ते बापाच्या कानावर घालण्याची सोय त्यास होती.

आता दुसरा एक रहिवासी डोळ्यांपुढे आणा. हा आत येतो तो बहुधा कायमचा. सुटीत जावे असे गाव त्यास उरलेले नसते, आणि आपल्यावर काय गुदरले हे त्यास पुष्कळदा धड सांगता येत नाही. मतिमंद प्रौढाच्या निवासाचा प्रश्न तो हा. घरोघरचे आईबाप तो एका वाक्यात विचारतात: “आमच्या मागे याचे कोण?”

या प्रश्नाला पूर्वी आपण काय उत्तर दिले? इंग्रजी अमदानीतील १९१२ च्या कायद्याने वेड लागलेला मनुष्य आणि मतिमंद मनुष्य यांना एकाच व्याख्येत कोंबले. वास्तविक वेड हा आजार आहे. त्यावर उपचार असतात. मतिमंदता हा आजार नव्हे. बालपणापासून बुद्धीच्या वाढीला पडलेली ती मर्यादा आहे. तेथे औषधापेक्षा शिक्षण, सवय आणि सोबत यांची गरज असते. हा भेद मान्य करून मतिमंदांना मनोरुग्णांच्या व्याख्येतून वगळण्यास आपल्या कायद्याला १९८७ साल उजाडावे लागले.

मधल्या काळात मुलांसाठी काही झाले, हे नमूद केले पाहिजे. चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ साली मुंबईजवळ मानखुर्द येथे मतिमंद मुलांचे गृह काढले. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली ‘कामायनी’ सुरू केली. आपल्या कोल्हापुरात ‘चेतना अपंगमती विकास संस्थे’ची शाळा आणि कार्यशाळा उभी राहिली. परंतु मूल हे मूल राहत नाही. बालगृहाचा कायदा अठराव्या वर्षी हात काढून घेतो. अनाथ मतिमंदाने त्या दिवशी जावे कोठे? अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अशा मुलांना आपले नाव दिले, अठरा वर्षे उलटली म्हणून त्यांना दार दाखवले नाही, आणि त्यांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा असा आग्रह धरला. २०२४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. सन्मान योग्यच झाला. परंतु एका माणसाच्या पुण्याईवर समाजाची व्यवस्था चालत नसते.

व्यवस्था म्हणजे नुसत्या भिंती, अंथरूण आणि दोन वेळचे जेवण नव्हे. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय संस्थेतील काही मतिमंद स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. कारण सांगितले गेले ते असे, की मासिक पाळीतील स्वच्छता त्यांना राखता येत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. संस्थेची अडचण होती, हे खरे धरू. पण ती दूर करण्यासाठी माणसे वाढवायची, शिकवायचे, की रहिवाशाच्या शरीरावर सुरी चालवायची? जेथे संस्थेची सोय आधी आणि माणूस मागून, तेथे अन्न पोटभर मिळाले तरी तो कोंडवाडाच होय.

याच्या उलट १९५९ साली डेन्मार्कने कायदा केला, की मतिमंद माणसाचे जीवन होता होईल तो इतरांसारखे असावे. निजण्याची जागा एक, कामाची दुसरी. आठवड्याला सुटी, वर्षाला सण. स्वतःची पेटी, स्वतःचे कपडे. यांत चैनीचे काय आहे? आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००९ साली, चंडीगडच्या एका निवासगृहातील मतिमंद तरुणीच्या खटल्यात, तिच्या संमतीवाचून तिचा गर्भपात करता येणार नाही असा निर्णय दिला. शिरूरपासून येथवर पंधरा वर्षे लागली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालक नेमण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या आल्या. २०१६ च्या कायद्याने तर स्पष्टच सांगितले, की अपंग व्यक्तीवर अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती होऊ नये.

कायदे झाले, आता कसोटी आपली आहे. एखादे निवासगृह चांगले की वाईट, हे इमारतीच्या रंगावरून ओळखू नये. तेथे न कळवता जावे आणि पाहावे. दुपारी माणसे काही काम करीत आहेत, की भिंतीशी ओळीने बसली आहेत? आज कोणता सदरा घालायचा, हे त्यांना कोणी विचारते का? रात्री किती जणांमागे एक सेवक असतो, आणि त्यास पगार वेळेवर मिळतो का? गेल्या महिन्यात बाहेरचा कोण येऊन गेला? धान्याचे पोते आणि वाढदिवसाचा केक घेऊन जाणारे पुष्कळ असतात. हे चार प्रश्न घेऊन जाणारे थोडे.

शाहू महाराजांच्या काळी बोर्डिंगांकडे सबंध गावाचे लक्ष असे, म्हणून ती नांदती राहिली. ज्यांना सांगता येत नाही त्यांच्या निवासाकडे तर ते दुप्पट असले पाहिजे. “आमच्या मागे याचे कोण?” असे विचारणाऱ्या आईला ‘संस्था आहे’ एवढे उत्तर पुरणार नाही. ‘संस्था आहे, आणि तिच्याकडे पाहणारे आम्ही आहोत’, असे सांगता आले तरच तिला रात्री झोप लागेल.