सुरक्षा परिषदेतील हैदराबाद आणि देशाचा एकच आवाज

आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत देशाची भूमिका एकच असावी लागते आणि ती मांडण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरलेले असावे लागते. हा अधिकारच वादग्रस्त ठरल्यास काय घडते, हे १९४८च्या हैदराबाद प्रकरणातून दिसते.

हैदराबादेतील गौलीगुड्याजवळ, कोठी भागात ब्रिटिश रेसिडेन्सीची वास्तू उभी आहे. निझामाच्या राज्यावर ब्रिटिश सत्तेचा अंमल येथूनच चाले. परराष्ट्र व्यवहार निझामाच्या हाती नव्हता. २९ नोव्हेंबर १९४७च्या ‘जैसे थे’ करारानेही ही व्यवस्था वर्षभरासाठी कायम ठेवली. ब्रिटिशांची जागा भारत सरकारने घेतली.

तरीही २१ ऑगस्ट १९४८ रोजी निझाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ३५(२)चा आधार घेऊन सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. सदस्य नसलेल्या राष्ट्राला हे कलम दाद मागू देते. हैदराबाद स्वतंत्र राष्ट्रच नाही, ही भारताची भूमिका रामस्वामी मुदलियार यांनी मांडली. भारतीय फौजा १३ सप्टेंबरला संस्थानात शिरल्या. १६ सप्टेंबरला पॅरिस येथील बैठकीत ८ विरुद्ध शून्य मतांनी विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला. ३ सदस्य तटस्थ राहिले. दुसऱ्याच दिवशी निझामाने युद्धविराम जाहीर केला आणि २२ सप्टेंबरला तारेने तक्रार मागे घेतली. ही तार स्वेच्छेने पाठवली काय, असा प्रश्न परिषदेत निघाला. शिष्टमंडळाचा शब्द खरा की शासकाचा, असा पेच त्यातून उद्भवला.

गोव्याबाबत १८ डिसेंबर १९६१ रोजी हीच परिषद बसली. युद्धविरामाच्या ठरावाला ७ मते मिळाली, ४ विरोधात गेली. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो फेटाळला गेला.

आज परराष्ट्र व्यवहार व करार हे विषय राज्यघटनेच्या संघ सूचीत आहेत. संबंधित मंत्रालय मसुदा करते, इतर मंत्रालयांशी विचारविनिमय होतो, महत्त्वाच्या विषयांना केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता लागते. जागतिक व्यापार संघटनेत वाणिज्य मंत्रालय बोलते. करार अमलात आणण्यासाठी अनुच्छेद २५३नुसार संसद राज्य सूचीतील विषयांवरही कायदा करू शकते.

मासेमारी राज्य सूचीत आहे. मात्र जून २०२२ मध्ये जिनिव्हात मासेमारी अनुदानांचा करार झाला, तेव्हा वाटाघाटी केंद्राने केल्या. तेथे राज्याला स्वतंत्र आसन नसते. म्हणूनच किनारी राज्याचे म्हणणे भूमिका ठरण्यापूर्वी दिल्लीत पोहोचणे निर्णायक ठरते.